भरल्या उसासकट गाडी बंद पडली
उसाचा सीझन, पहाटेची थंडी आणि आमचा जुना ट्रक. आज मोहोळच्या अलीकडे बंद पडला. सेल्फ मारला तर नुसता गुरगुरला. डिझेलच्या लाईनीत एअर धरली होती, म्हणजे हवा अडकली होती. अण्णांनी शिकवलं तसं केलं. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप दाबत राहिलो. आधी फेस, मग बुडबुडे, आणि एकदाची बोटांवर डिझेलची अखंड गार धार! स्क्रू आवळला, सेल्फ मारला, काळा धूर सोडत उठला गडी.

मागचा ट्रॅक्टरवाला तासभर बॅटरीचा उजेड धरून उभा होता. त्याचं नावसुद्धा विचारायचं राहिलं, याची फार रुखरुख लागलीय.

ऊस वाळला की वजन घटतं, म्हणून जीव टांगणीला. दहाला कारखान्याच्या वजनकाट्यावर लागलो. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेआधी सगळे वायसर, पाईप नवे टाकणार. गाडी विकायचं मात्र कुणी सुचवू नका.