कीहोलची घळ आणि कणकुंबीचा पाऊस

अमेरिकेत नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याने येत्या जूनमध्ये यूटा राज्यातल्या झायन राष्ट्रीय उद्यानातील ‘कीहोल’ ही अरुंद घळ दोर लावून उतरण्याचा बेत पाठवला, तेव्हा त्याच्या यादीत सर्वांत वर दोराची लांबी होती. मी तिथे पाणलोट क्षेत्राचा नकाशा घातला.

खानापुरात वाढलेल्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. गावात उघडीप असताना मलप्रभा गढूळ होऊन चढू लागली, की आई “कणकुंबीकडं जोर धरलाय बघ,” असे म्हणत धुणी आवरायला लावायची. वाळवंटातील घळीत हेच कितीतरी झपाट्याने घडते, कारण उघड्या कातळात पाणी फारसे मुरत नाही आणि दूरवरच्या पठारावर पडलेला पाऊसही हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतील एवढ्या फटीतून वाट काढतो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातील लोअर अँटिलोप घळीत ११ पर्यटक अशाच लोंढ्यात दगावले, आणि १४ सप्टेंबर २०१५ रोजी खुद्द कीहोलमध्ये ७ जण. तिकडचा पावसाळा साधारण जुलै ते सप्टेंबर असतो. म्हणून आम्ही जूनचा पहिला पंधरवडा धरला. आपल्याकडे मृगाची वाट पाहतात, नेमके ते दिवस!

दोराचा हिशेब त्यामानाने सोपा आहे. शेवटचा माणूस उतरल्यावर दोर खालून ओढून घ्यायचा असल्याने तो उताराच्या दुप्पट लागतो. मात्र तो एकदा ओढला, की वर परतण्याचा मार्ग संपतो.

कीहोलची श्रेणी ‘३बी’ आहे: ३ म्हणजे दोराशिवाय उतरणे नाही, आणि बी म्हणजे साचलेल्या पाण्यातून पोहणे आले. “मामा, एवढ्या उन्हात वेटसूट कशाला हो?” असे भाच्याने पाण्यात ऊब राखणाऱ्या या पोशाखाबद्दल विचारले, परंतु तळाशी ऊन पोहोचतच नाही आणि गारठलेल्या बोटांनी कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची उघडझाप कडी, उघडत नाही. अशा घळींत आपल्या निघोजसारखे रांजणखळगे असतात, आणि पाणी खाली गेलेले असेल तर गुळगुळीत भिंतीमुळे त्यांतून बाहेर पडणे अवघड होते. त्याचा सराव मी मळ्यातल्या विहिरीत, पायऱ्यांना हात न लावता, चुलतभावाच्या खांद्यावर उभा राहून करतो आहे. (चुलतभावाचे मत येथे देण्याजोगे नाही.)

उद्यानाचा परवाना घ्यावाच लागतो; पण परवाना हातात आहे म्हणजे घळ सुरक्षित आहे, असे होत नाही. तिथे अचानक येणाऱ्या पुराची शक्यता रोज चार पायऱ्यांत जाहीर होते. सर्वांत खालची पायरी नसेल तर उतरायचे नाही, असे मी लिहून पाठवले. भाच्याने आधी विमानाच्या तिकिटांचा खर्च काढला. नंतर मुकाट्याने रजा दोन दिवसांनी वाढवून घेतली.