दमायच्या आधी

पुण्यात कुणालाही ‘सोलापूरला जाऊन आले’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘चादर आणलीस का?’ पळायला गेले होते, एकवीस किलोमीटर, असं सांगितलं की समोरचा जरा गप्प होतो आणि मग विचारतो, ‘त्यासाठी सोलापूर?’

त्यांचंही बरोबर आहे. हिवाळ्यात पुण्यात शर्यतींना तोटा नाही. पण पुण्यात ओळखीचे फार. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, शाळेत पी.टी.च्या तासाला कायम झाडाखाली बसलेल्या बाईला पहिली हाफ मॅरेथॉन पळायची असेल, तर रस्त्याच्या कडेला भिशीतल्या बायका टाळ्या वाजवायला नकोत. सोलापुरात माझ्या मैत्रिणीचं माहेर आहे, जानेवारीत तिथं सकाळची हवा बरी असते आणि रस्ते एकदम सपाट आहेत, असं तिच्या भावाने छातीठोकपणे सांगितलं होतं. सपाट म्हणजे मोटारसायकलवरून सपाट, हे नंतर कळलं.

शुक्रवारी संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडली. डब्यात थंडी इतकी की कुर्डुवाडी येईपर्यंत मी ओढणीत गुंडाळलेली. बाकी प्रवासात सांगण्यासारखं काही नाही.

मैत्रिणीच्या आईबद्दल, म्हणजे काकूंबद्दल मात्र सांगायलाच हवं. रात्री दहा वाजून गेल्यावर ताट वाढलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, भरली वांगी. मी म्हटलं, काकू, पळण्याच्या आधी तिखट चालत नाही, परवापर्यंत साधा वरणभात द्या. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी आजारी आहे आणि ते त्यांच्यापासून लपवलंय. ‘वरणभात? आजारी माणसाला देतेत ते. पळणाऱ्याला भाकरी लागती की!’ शनिवारी दोन्ही वेळा वरणभात मिळाला, पण ताटाच्या कडेला चटणीचा एक छोटा ढीग कायम. ‘नुस्ता राहू दे, खाऊ नको.’ सोलापूरचा पाहुणचार मायेचा आहे यात शंका नाही, पण त्यात पाहुण्याला मत नसतं. आणि ती चटणी, उखळात कुटून तेल सुटलेली, नाकाखाली ठेवून खायची नाही म्हणजे छळच.

शनिवारी संध्याकाळी बिब, म्हणजे पळताना छातीवर लावायचा नंबर, आणायला रिक्षाने निघाले आणि बाळीवेशीच्या अलीकडे अडकले. पुढे गर्दी, मागे गर्दी, रिक्षावाला इंजिन बंद करून खाली उतरलेला. मी घड्याळ बघत होते. सातला बिबचं काउंटर बंद होणार होतं. ‘काय झालंय?’ विचारलं तर म्हणाला, ‘काही नाही ताई, काठीचा सराव चालू हाय.’

संक्रांत तोंडावर होती. म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, सोलापूरकरांच्या भाषेत गड्डा. बाराव्या शतकात सिद्धेश्वरांनी इथं अडुसष्ट लिंगं स्थापली. एका कुंभाराच्या मुलीने त्यांच्याशीच लग्न करायचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावू दिलं, अशी कथा. त्या योगदंडाचं रूप म्हणजे नंदीध्वज, लोकांच्या तोंडी काठ्या. एकूण सात. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून निघतात, पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तेलाचा अभिषेक करत शहर फिरतात, दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं आणि ‘एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र’चा गजर, हे सगळं मी टीव्हीच्या बातम्यांत पाहिलं होतं. पण ती उंचच उंच काठी पेलायला आधी सराव करावा लागतो, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

शेवटी रिक्षातून उतरले. साध्या शर्टपँटमधली, घामेजलेली माणसं. मधोमध एकजण काठी पेलून चालत होता. मान ताठ, नजर वर, पावलं छोटी छोटी. तो काही दमलेला दिसत नव्हता. तरी दुसरा एक मुलगा शेजारी आला, काठीला हात लावला, दोघं काही पावलं जोडीने चालले, आणि मग पहिल्याने हात काढून घेतले. काठी हलली नाही. वरचं टोक बघत होते म्हणून सांगते, खरंच हलली नाही.

बाजूला सत्तरीचे एक आजोबा उभे होते, पूर्वी स्वतः काठी धरणारे, आता पोरांवर लक्ष ठेवणारे. मी विचारलं, तो दमला नव्हता, मग का दिली? आजोबांनी तळहात पुढे केला. अंगठ्याखालची कातडी शेंगेच्या टरफलासारखी, खरबरीत आणि रेघारेघांची. म्हणाले, ‘दमायच्या आधी द्यायची असती ताई. दमल्यावर देताना हात थरथरतंय. हात थरथरला की काठी हलती, मग घेणाऱ्याला सावरत नाही. नवीन पोरांना हेच कळत नाही. अजून जरा, अजून जरा करतेत.’

मला राग आला. हो, रागच. कारण हेच वाक्य माझा पुण्यातला कोच कित्येक महिने माझ्या डोक्यात भरवत होता. चार मिनिटं पळा, एक मिनिट चाला, मॅडम. पहिल्या चार मिनिटांनंतरही चाला. मी म्हणायचे, अरे, तेव्हा मी दमलेलीच नसते! तो म्हणायचा, म्हणूनच चाला. ही पद्धत जेफ गॅलोवे नावाच्या अमेरिकन धावपटूची. 1972च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये तो दहा हजार मीटर पळाला होता, आणि 1974मध्ये अजिबात न पळणाऱ्या लोकांचा वर्ग घेताना त्याला हे सुचलं. सलग पळताना त्याच स्नायूंवर तोच भार पडत राहतो. मिनिटभर चाललं की भार बदलतो, आणि ते स्नायू दुखायला लागायच्या आत केलं तरच त्याचा उपयोग. शास्त्र मला पटलं होतं, पण चालणं पचत नव्हतं. टेकडीवर मी चालायला लागले की मागून येणारी पोरं ‘कमॉन आंटी’ म्हणत पुढे जायची, आणि मी उगाच बुटाची लेस बांधल्यासारखं करायचे.

आजोबांना मी म्हटलं, पण मधेच दिली तर लाज नाही का वाटत? ते हसले. ‘लाज कसली? काठी काय माझी एकट्याची हाय?’

रिक्षात परत बसल्यावर बराच वेळ डोक्यात सासूबाईंचं आजारपण होतं. दवाखान्यातल्या रात्री. नणंद रोज म्हणायची, वहिनी, आज मी थांबते. आणि मी म्हणायचे, नको, मला काही नाही झालंय. खरंच काही झालेलं नसायचं. मग एक दिवस कंबर धरली ती तीन आठवडे, आणि सगळ्यांचीच तारांबळ उडाली. त्या सगळ्या रात्री मीच काढल्या याचा मला अभिमान होता. आजही थोडा आहे.

बिबचं काउंटर उघडंच होतं. आपल्याकडे वेळेवर काही बंद होत नाही, हे कधीकधी बरं असतं.

सुरू मात्र वेळेवर व्हायला हवं ना! रविवारी पहाटे साडेसहाची शर्यत पाहुण्यांच्या भाषणांमुळे अर्धा तास उशिरा सुटली. थंडीत कुडकुडणाऱ्या लोकांना माईकवरून ‘आरोग्य हीच संपत्ती’ ऐकवण्यात काय मिळतं? वर झुंबा. शेजारी माझ्याच वयाची एक बाई दोन्ही कानांत बोटं घालून उभी होती. पूर्ण सकाळभरातलं तेवढंच माझं मैत्र.

पहिले पाच किलोमीटर उजाडता उजाडता गेले. चार पुतळ्यांपाशी वळलो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, 12 जानेवारी 1931ला येरवड्यात फाशी गेलेले सोलापूरचे चौघं. परवाची माझी गाडी यांच्याच नावाची. पुतळ्यांपाशी रांगोळी काढायचं काम चाललेलं, ती बाई रस्त्यातून हटायला तयार नव्हती आणि पळणारे निमूटपणे तिला वळसा घालत होते. मला ते फार आवडलं. माझं घड्याळ कंप पावलं, चार मिनिटं झाली, आणि मी चालायला लागले. लेस बांधली नाही.

मग सात रस्ता, विजापूर रोड, डावीउजवीकडे बंद दुकानं. मधले काही किलोमीटर आठवत नाहीत. कंबर तलावापाशी पाण्याचं टेबल होतं, तिथं मोसंबीच्या फोडी, मीठ आणि गूळ-शेंगदाणे. पुण्यात टेबलांवर पाकिटातले जेल असतात, खोकल्याच्या औषधासारखे. गूळ-शेंगदाण्यापुढे ते काहीच नाही, फक्त पळताना शेंगदाणा चावू नये, एवढं शहाणपण तिथंच आलं. ठसका लागला तेव्हा एक शाळकरी मुलगा पाठीवर थापट्या मारत शेजारी पळत राहिला. वर विचारतो, ‘कशाला पळलालाव काकू एवढं?’ उत्तर द्यायला श्वास नव्हता, ते बरं झालं.

सैफुलच्या पुढून परत फिरलो तेव्हा ऊन चढलं होतं. सोलापूरचं ऊन जानेवारीतही नऊनंतर आपली ओळख करून देतं. सोळाव्या किलोमीटरनंतर माझ्या पुढची माणसं थांबायला लागली. सुरुवातीला वाऱ्यासारखी गेलेली पोरं दुभाजकावर बसून पोटऱ्या चोळत होती. मी त्यांना ‘कमॉन’ म्हणाले नाही. म्हणावंसं वाटलं होतं, तेही सांगून टाकते. चार मिनिटं, एक मिनिट. चालताना आता मान वर होती, आणि पळताना पाय जड असले तरी माझे होते. पाठ दुखत नव्हती. वेळेची मर्यादा तीन तास, म्हणजे किलोमीटरला साडेआठ मिनिटं, आणि चालून चालूनसुद्धा मी त्याच्या आत होते. हे गणित मी घरी शंभरदा केलं होतं, तिथं रस्त्यावर मात्र ते जुळतंय हे बघून डोळ्यांत पाणी आलं. घामच असेल म्हणा.

21चा फलक आला आणि गेला, तरी कमान दूरच. हाफ मॅरेथॉन म्हणजे 21.0975 किलोमीटर. 1908च्या लंडन ऑलिंपिकची शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करून राजघराण्याच्या कक्षासमोर संपवली, ते अंतर भरलं 42.195, आणि 1921मध्ये तेच कायमचं ठरलं. म्हणजे इंग्रजांच्या राजघराण्याच्या सोयीपायी सोलापूरच्या रस्त्यावर मला साडेसत्त्याण्णव मीटर जादा. ते मी पळाले, सगळे, न चालता. दोन तास बावन्न मिनिटं.

मेडल गळ्यात, हातात उपमा, आणि जवळ बसायला एकही खुर्ची नाही. खुर्च्या सगळ्या पाहुण्यांसाठी.

घरी आले तर दोन बादल्या कढत पाणी तयार. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि त्या दिवशी पाण्याचा वार नव्हता. पिंपातलं, भांड्यातलं जपून ठेवलेलं पाणी. मी म्हटलं, काकू, एक बादली पुरे. त्या म्हणाल्या, ‘गप घे.’ इतर वेळी मी आणखी दोनदा नको म्हटलं असतं. त्या दिवशी दोन्ही बादल्या घेतल्या, आणि त्यानंतर चटणीचा तो अख्खा ढीगही, दह्यात कालवून, वर परत मागून.

‘कितवी आलीस?’ काकूंनी विचारलं. बरीच मागून, म्हटलं. ‘मागून किती?’ त्यांना आकडा हवाच होता, शेजारी सांगायचा होता. तो मला ठाऊक नव्हता. संध्याकाळपर्यंत गल्लीत माझा तिसरा नंबर आला होता.

सोमवारी सकाळच्या हुतात्माने परत. स्टेशनच्या जिन्यावर मांड्यांनी जाब विचारला. चढताना कसंबसं जमलं, उतरताना गुडघे वाकेनात, म्हणून कठडा धरून उलटी उतरायला लागले, एकेक पायरी. मागून येणाऱ्या एका हमालाने न विचारता माझी बॅग उचलली. दिली.