पहिलीतलं गप्प मूल आणि गुरुजींचे पहिले दोन महिने

अक्कलकोट, दक्षिण सोलापूर किंवा सोलापूर शहराचा पूर्व भाग. इथल्या मराठी शाळेत जूनमध्ये पहिलीच्या वर्गात गेलात, तर दोन-चार मुलं अगदी गप्प बसलेली दिसतील. घरी कानडी किंवा तेलुगू, बाहेर गल्लीतही तेच. वर्गात एकदम मराठी. ऑगस्ट उजाडेपर्यंत अशा मुलाला 'मंद' म्हणायला सुरुवात होते, आणि एकदा हा शिक्का बसला की तो चौथीपर्यंत पुसत नाही. शिक्षकाचं नेतृत्व मोठ्या भाषणांत शोधू नये. हा शिक्का बसू द्यायचा की नाही, हे ठरवण्यात ते असतं.

सोलापूर जिल्ह्यातले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ हा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड आणि बक्षिसाची निम्मी रक्कम बाकीच्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून टाकणं, हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. पण माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत मुलांची भाषा कानडी होती आणि ती ते स्वतः शिकले, याची चर्चा फारशी होत नाही. माझ्या मते खरं काम तिथूनच सुरू झालं.

सगळ्यांनी पूर्ण भाषा शिकायची गरज नाही. सुरुवातीला वीस-पंचवीस शब्द पुरतात. कानडीत 'बा' म्हणजे ये, 'नीरु' म्हणजे पाणी, 'मने' म्हणजे घर, 'ऊटा' म्हणजे जेवण. तेलुगूत ये, पाणी, घर यांना 'रा', 'नीळ्ळु', 'इल्लु'. पाणी प्यायचंय, शू लागलीय, पोट दुखतंय, घरी जायचंय, एवढं मुलाला स्वतःच्या भाषेत सांगता आलं आणि गुरुजींना ते कळलं, की रडणं थांबतं. मग दोन्हीकडे जवळजवळ सारखे असलेले शब्द फळ्यावर घ्या. आजी–अज्जी, तूप–तुप्पा. आपल्याला मराठी आधीच थोडी येते, हे मुलाला तिथेच उमगतं.

खरी गंमत चुकांमध्ये आहे. वहीत 'आई आलं' असं लिहिलेलं सापडलं की लाल शाई मारण्याआधी घरची भाषा विचारा. तेलुगूत 'अम्मा वच्चिंदी' आणि 'बस वच्चिंदी' यांत क्रियापद एकच. एकवचनात बाई आणि वस्तू यांना वेगळं रूप नाही, त्यामुळे तेलुगू मूल मराठीत 'आई आलं' म्हणतं. कानडी मूल आईबाबत सहसा चुकत नाही, पण 'गाडी आलं', 'नदी आलं' म्हणतं, कारण कानडीत निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकात जातात. मराठीत दगड पुल्लिंगी, नदी स्त्रीलिंगी आणि झाड नपुंसकलिंगी का, याला कोणताही तर्क नाही. शब्द शिकवतानाच 'तो दगड, ती नदी, ते झाड' असं जोडीनं शिकवावं लागतं. सुटा शब्द पाठ करून घेतला तर लिंग पुढे कधीच बसत नाही.

उच्चारांचंही तसंच. बोली कानडीत महाप्राण, म्हणजे ख, घ, ध यांतला 'ह'सारखा श्वास, फारसा उरत नाही. 'खडू'चा 'कडू' होतो, 'धडा'चा 'दडा', 'घर'चं 'गर'. मुलाच्या तोंडापुढे कागदाची बारीक पट्टी धरा. 'ख', 'थ', 'ठ' नीट म्हटलं की पट्टी हलते, 'क', 'त', 'ट'ला जवळजवळ हलत नाही. 'घ' आणि 'भ'साठी मात्र ही युक्ती नीट चालत नाही, तिथे ऐकवूनच कान तयार करावा लागतो. शब्दाच्या शेवटी उकार येतो, 'बस'ची 'बस्सु', 'पेन'चं 'पेन्नु'. हे आपोआप सुटतं, त्यावर वेळ घालवू नका. 'ळ' तर या मुलांना आधीपासूनच येतो.

वाचनात सगळ्यात मोठी फसगत होते. देवनागरी जशी लिहिली तशी वाचली जाते, म्हणून मूल धडा खडखडा वाचतं आणि त्यातलं काहीच कळलेलं नसतं. तपासणीला आलेले साहेबही खूश होऊन जातात. सामूहिक वाचनात तर मागच्या रांगेतलं मूल नुसते ओठ हलवतं. म्हणून प्रत्येकाला एकेकटं बसवून, पुस्तकाबाहेरचा चार ओळींचा उतारा वाचायला द्या. एका मुलाला दोन-तीन मिनिटं, रोज सहा मुलं, म्हणजे तीसचा पट आठवड्याच्या पाच दिवसांत होतो. वाचून झाल्यावर एक प्रश्न विचारा आणि उत्तर कानडीत किंवा तेलुगूत आलं तरी बरोबर धरा. उत्तर आलं तर अर्थ पोचलाय, अडचण फक्त मराठी बोलण्याची आहे. काहीच आलं नाही तर शब्दच कळलेले नाहीत. दोघांवरचे उपाय वेगळे. वहीत दोन वेगळे रकाने आखा, 'वाचतो' आणि 'समजतो'.

दुभाषा म्हणून वर्गातलंच एखादं चुणचुणीत मूल हाताशी धरणं सोपं असतं. पहिले पंधरा दिवस ठीक आहे. त्यापुढे गप्प मूल त्याच्यावर विसंबतं आणि दुभाष्याचा स्वतःचा अभ्यास बुडतो.

पालकसभा दुपारी चारला ठेवली तर विडी वळणारी आई येत नाही. तिच्या मांडीवर सूप असतं आणि दिवसाचा हिशेब विड्यांच्या संख्येवर. संध्याकाळी गल्लीतच जा, अर्धा तास बसा. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असणं कायद्यानंच बंधनकारक आहे, त्यात अशी एक आई जरूर घ्या. महिन्यातून एकदा तिला वर्गात बोलावून तिच्या भाषेत गोष्ट सांगायला लावा. शिक्षण हक्क कायद्याचं २९वं कलमही शक्य तितकं मातृभाषेतून शिकवा असंच सांगतं, त्यामुळे कुणी आक्षेप घेतला तर ते दाखवायला हरकत नाही.

एप्रिलमध्ये निकालपत्रक भरताना प्रत्येक मुलामागे अर्धं पान दुसरीच्या शिक्षकांसाठी लिहून ठेवा. घरची भाषा कोणती, दोन्ही रकान्यांत मूल कुठवर आलंय, कुठल्या चुका अजून होतात, आणि कुणाशेजारी बसवलं की ते बोलतं.