बसलं का ढग!

हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगच्या आवारात नवं ऑफिस झालं आणि मालकाच्या मुलाला त्यासाठी लीडचं, म्हणजे पर्यावरणपूरक इमारतींना मिळणारं, सर्टिफिकेट हवं होतं. कागदपत्रं माझ्याकडे. त्यातला बाहेरच्या दृश्याचा गुण फुकटात मिळणार, असं मी धरूनच चाललो होतो. चहूकडे पऱ्हाटी, तूर, वर मोकळं आभाळ. अजून काय पाहिजे?

लीडच्या चौथ्या आवृत्तीप्रमाणे माणसं रोज बसतात त्या जागेपैकी ७५ टक्के क्षेत्रातून बाहेरचं थेट, स्वच्छ दिसावं लागतं. संडास, पॅसेज, गोदाम यात धरत नाहीत. मधे काचेचं पार्टिशन चालतं, पण नजर आरपार गेली पाहिजे. आमच्या केबिन खिडक्यांच्या कडेला, अकाउंटवाले मधोमध. म्हणजे त्यांना शेत दिसणार दोन काचांमधून. (आपल्याकडे एप्रिलात खिडकीत कूलर बसला की जूनपर्यंत बाहेरचं दिसणं बंद, म्हणून कूलर आधीच छतावर घेतला होता. तेवढी अक्कल होती.) नकाशावर रेषा ओढल्या, ८२ टक्के आले, पाठवून मोकळा झालो.

तपासणाऱ्यांनी परत विचारलं: बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून, म्हणजे ४२ इंचांवरून, सेक्शन (इमारतीचा उभा छेद) दाखवा.

टेप घेऊन साइटवर गेलो, अकाउंटच्या काकांच्या खुर्चीत बसलो. समोर नुसतं पांढरं. मालकांनी मला न विचारता केबिनच्या काचांवर ३ ते ५ फुटांच्या मधे फ्रॉस्टेड, म्हणजे दुधी, फिल्मचा पट्टा मारला होता. काका हसले, "उभं राह्यलं त वावर दिसते भाऊ. बसलं का ढग!"

हिशेब ६२ टक्क्यांवर आला. मालकांचं म्हणणं, पगाराचे कागद बाहेरच्यांना दिसतात. टेबल अडीच फुटांचं. मग फिल्म ३ फुटांच्या खाली लावली तरी कागद बऱ्यापैकी झाकले जातात. तोंडी पटेना. शेवटी त्यांनाच काकांच्या खुर्चीत बसवलं.

फिल्म खाली आली, सेक्शन नव्याने काढला. शिवाय दृश्याचा दर्जाही दाखवावा लागतो: चार प्रकारांपैकी निदान दोन. त्यातला एक प्रकार असा: झाडं-आभाळ, हालचाल, २५ फुटांपलीकडच्या वस्तू, यांपैकी निदान दोन दिसल्या पाहिजेत. खुर्चीतूनच फोटो काढत होतो, तेवढ्यात कापसाची बंडी समोरून गेली. हालचाल म्हणून तोच फोटो जोडला. दुसऱ्या फेरीत गुण मिळाला.