धूसरपणाची कड कुठे?

आज दुपारी स्क्रीनवर लालपासून केशरीपर्यंतची एक रंगपट्टी उघडून बसलो. शेजारशेजारच्या कुठल्याही दोन छटा डोळ्यांना सारख्याच, तरी दोन टोकं साफ वेगळी. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ युबुलिडीसच्या नावावर असलेलं वाळूच्या ढिगाचं कोडं ते हेच: एकेक कण काढत गेलो, तर नेमक्या कुठल्या कणाला ढीग ढीग राहत नाही?

यावरचा तोडगा सगळ्यांना सुचतो: मध्ये 'धड लाल नाही, धड केशरीही नाही' असा पट्टा मानायचा. मानला. आता तो सुरू कुठे होतो? खूण करायला गेलो तर कर्सर पुढे-मागे नुसता घुटमळतोय! पट्ट्याची कड धूसर, त्या धूसरपणाची कडही धूसर. खरं-खोटं यांच्यात तिसरं सत्यमूल्य घातलं तरी एका रेषेच्या जागी दोन रेषा येतात, एवढंच.

तत्त्वज्ञ टिमोथी विल्यमसन म्हणतो, रेषा नेमकीच असते, फक्त ती आपल्याला कळू शकत नाही. शिवाय एखादी छटा लाल आहे हे आपल्याला माहीत असलं, तरी 'माहीत आहे' हे माहीत असेलच असं नाही. धूसरपणाचा वरचा मजला, म्हणजे कडेचीही कड धूसर असणं, तो असा अज्ञानातच बसवतो. (हुशार आहे बुवा!) पण एका छटेला लाल आणि तिच्या जुळ्या बहिणीला लाल नाही म्हणणारी रेषा आखली कुणी? आपल्याच वापराने, म्हणे. हे काही मला पचत नाही.