फॉल कलर्स बघायला निघालात, तर वाटेतल्या गिरण्याही बघा

बोस्टनच्या आसपास राहणारे आपले बहुतेक लोक फॉल कलर्स, म्हणजे पानगळीआधी झाडांवर येणारे लाल-पिवळे रंग, म्हटलं की थेट न्यू हॅम्पशरच्या उत्तरेचे व्हाइट माउंटन्स डोंगर गाठतात. आम्हीही चार वर्षं तेच केलं. गेल्या ऑक्टोबरात आई-बाबा पुण्याहून आले होते. दोघांचे गुडघे लक्षात घेता डोंगर चढणं नव्हतं आणि सहा-सात तास सलग गाडीतही बसवत नव्हतं. म्हणून न्यू हॅम्पशरच्या नैऋत्य कोपऱ्यातला, मोनॅडनॉक डोंगराभोवतीचा भाग निवडला. फ्रेमिंगहॅमहून सकाळी आठला निघून रात्री साडेआठला परत आलो, सगळं मिळून साधारण पावणेदोनशे मैल झाले. रंग तर भरपूर दिसलेच, पण घरी आल्यावर आठवडाभर आम्ही बोलत होतो ते गिरण्यांबद्दल.

पहिला थांबा मॅसॅच्युसेट्समध्येच, सडबरीला. रूट २० वरच्या वेसाइड इन ह्या जुन्या सराईच्या आवारात दगडी बांधणीची पाणचक्की आहे. दिसते दोनशे वर्षांची, पण बांधली १९२९ मध्ये, हेन्री फोर्डने. मोटारींच्या कारखानदाराला जुन्या खेड्यांचं वेड होतं, आणि त्याने चक्की नुसती शोभेची ठेवली नाही, खरीखुरी दळणारी बांधली. वरून लाकडी पन्हाळीतून येणारं पाणी चाकाच्या कप्प्यांत पडतं, भरलेले कप्पे वजनाने खाली जातात आणि चाक फिरत राहतं. म्हणजे चाक फिरतं ते पाण्याच्या जोरापेक्षा पाण्याच्या ओझ्याने. बाबांचं लहानपण औरंगाबादचं, त्यांना लगेच तिथली पाणचक्की आठवली. तिथे लांबच्या झऱ्याचं पाणी जमिनीखालून आणून दर्ग्यातल्या यात्रेकरूंसाठी धान्य दळत असत.

आई मात्र चाकाकडे बघतच नव्हती. ती बाहेर भिंतीला टेकवून ठेवलेल्या एका जुन्या तळीपाशी, म्हणजे दळायच्या दगडापाशी, वाकली होती. दगडावर मध्यापासून कडेपर्यंत खाचा होत्या, आणि त्या खाचांच्या मधल्या भागात बारीक टाचे. तिने बोट फिरवलं आणि म्हणाली, "अगं, ह्याला टाकी लावलीय बघ." टाकी लावणं म्हणजे छिन्नीने दगड पुन्हा खरबरीत करणं. तिच्या माहेरी, वाईजवळच्या गावात, जातं गुळगुळीत झालं की पीठ भरड यायचं आणि तापायचं. मग जातं टाकवणाऱ्याची हाक आली की आजी दोन्ही तळ्या ओसरीवर काढून ठेवायची. इथल्या तळीच्या खाचांचं कामही तेच: दाणा कापायचा, पीठ कडेला ढकलायचं आणि हवा खेळती ठेवून दगड गार ठेवायचा. आईला इंग्रजी फलक वाचायची गरजच पडली नाही. तिथे आम्ही वीस मिनिटं ठरवली होती, तास गेला.

चक्की आतून बघायची असेल तर कोणत्या दिवशी उघडी आहे ते आधी विचारून घ्या. बाहेरून बघायला काहीच अडचण नाही.

तिथून रूट ११९ धरला. ग्रोटन, टाउनसेंड, ॲशबी करत रिंज, मग रूट २०२ ने जाफ्री आणि पीटरबरो. हमरस्त्याने कदाचित वीस मिनिटं वाचली असती, पण मग मेपलच्या कमानीखालून जाणारा हा रस्ता हुकला असता. पाणथळ जागेतले रेड मेपल आधी पेटतात, शुगर मेपल त्यानंतर नारिंगी होतात आणि ओक सर्वांत शेवटी तपकिरी. पिवळा रंग पानात मुळातच असतो, हरितद्रव्य ओसरलं की तो दिसू लागतो. लाल रंग मात्र झाड शरदातच नव्याने तयार करतं, आणि त्याला उन्हाचे दिवस नि गार रात्री लागतात. पावसाळी, ढगाळ आठवडा गेला तर लाल फिका पडतो. त्यामुळे तारीख महिनाभर आधी पक्की करू नका, चार-पाच दिवस आधी हवामान बघून ठरवा. ह्या भागात रंगांचा बहर साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात असतो. त्याच आठवड्यात सोमवारची सुट्टी येते आणि रूट १०१ वर गाड्यांची रांग लागते. जमलं तर मधल्या वारी जा. आम्ही गुरुवारी गेलो.

पीटरबरोला पेट्रोल भरलं, स्वच्छतागृहाची सोय झाली. इथलं सार्वजनिक वाचनालय १८३३ मध्ये गावाच्या करातून सुरू झालं, आणि करातून चालणारं, सर्वांना खुलं असं अमेरिकेतलं ते पहिलं मानतात. पुढे हँकॉक. तिथे पांढऱ्या चर्चसमोरच्या हिरवळीवर दशम्या, लसणाची चटणी आणि दही काढलं. शाकाहारी मंडळींनी जेवण बरोबर न्यावं, खेड्यांत चीज सँडविचच्या पलीकडे फारसं मिळत नाही.

हँकॉकच्या पुढे मोबाइलची रेंज गेली. एक वळण चुकलं आणि आम्ही तीन मैल कच्च्या रस्त्यावर गेलो. नकाशा घरूनच उतरवून घ्या.

आणि मग हॅरिसव्हिल. वळण संपतं, समोर तळं येतं, आणि तळ्यात लाल विटांच्या गिरणीचं, तिच्या घंटेच्या मनोऱ्याचं आणि मागच्या पेटलेल्या डोंगराचं प्रतिबिंब पडलेलं असतं. गाडीत कुणी काही बोललं नाही. तळ्यातून निघणारा गूज ब्रूक नावाचा ओढा गावातून वेगाने खाली उतरतो, आणि त्या उतारामुळेच गाव इथे आहे. पाणी पडतं तिथे चाक, चाक तिथे गिरणी, गिरणी तिथे कामगारांची घरं. एका गिरणीची इमारत तर ओढ्यावरच उभी आहे, कठड्याशी उभं राहिलं की पायाखालून पाण्याचा आवाज येतो.

इथे दीडशेहून जास्त वर्षं लोकरीचं काम चाललं. शेवटची चेशर मिल्स १९७० मध्ये बंद पडली. आमचे आजोबा मुंबईच्या गिरणगावात साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे, होते, त्यामुळे गिरणी बंद पडते म्हणजे काय होतं हे घरात सांगावं लागत नाही. परळ-लालबागच्या जागी काय उभं राहिलं ते सगळ्यांनी पाहिलंय. हॅरिसव्हिलच्या लोकांनी १९७१ मध्ये संस्था काढली, इमारती ताब्यात घेतल्या आणि त्यांचं संग्रहालय न करता त्या कामधंद्याला भाड्याने दिल्या. १९७७ मध्ये गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, तरी इथे आजही लोकरीचं सूत निघतं, हातमाग बनतात, विणकामाचे वर्ग चालतात. मला हे गाव आवडलं ते ह्यासाठी. बाबा घंटेच्या मनोऱ्याकडे बघत बराच वेळ उभे होते. "भोंग्याऐवजी घंटा," एवढंच म्हणाले.

सुताच्या दुकानात आईने लोकरीची एक लड हातात घेतली, धागा उलगडून पीळ पाहिला आणि गडद किरमिजी रंगाच्या दोन घेतल्या. न्यू हॅम्पशरमध्ये विक्रीकर नाही, त्यामुळे पाटीवरची किंमत तीच बिलात येते. जवळच्या जनरल स्टोअरमध्ये कॉफी आणि सायडर डोनट घ्या. गाडी लावायला जागा फार थोडी आहे, सकाळी किंवा दुपारी तीननंतर जा. लोकांच्या अंगणात शिरून फोटो काढू नका, ही राहती घरं आहेत. गवतात बसलात तर अंग तपासा, ऑक्टोबरातही इथे गोचिडी असतात.

डब्लिन, कीन झटपट मागे टाकून स्वांझीला पोचलो, ॲशुएलॉट नदीवरचे झाकलेले लाकडी पूल बघायला. क्रेसन पूल १८५९ चा, वेस्ट स्वांझीचा १८३२ चा. छप्पर आहे ते लाकडी सांगाडा पावसा-बर्फाने कुजू नये म्हणून. पूर्वी हिवाळ्यात घसरगाड्या जाव्यात म्हणून ह्या पुलांच्या आत मुद्दाम बर्फ आणून पसरत. एका वेळी एकच गाडी जाते, समोरचा आत शिरला असेल तर थांबा.

सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो आणि संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात, म्हणून अंधारातला वेळ हमरस्त्यावर काढा. आम्ही रूट २ ने परतलो. ओल्या पानांवर ब्रेक घसरतो, वळणावर हळू. मोनॅडनॉक चढायचा बेत असेल तर पार्किंगचं आरक्षण आधी करा, तो दिवस मात्र वेगळा ठेवा.

आई नोव्हेंबरात परत गेली. त्या दोन लडींतून बाबांसाठी कानटोपी झाली, उरलेल्या लोकरीत माझ्या धाकट्याचे मोजे.