हतनूरच्या बॅकवॉटरला दोन चकरा

हतनूर धरणावर पक्षी बघायला निघायचं ठरलं होतं पहाटे पाचला आणि निघालो सव्वासहाला, कारण मेहुण्याला भरीत बरोबर घ्यायचं होतं. जानेवारीचा महिना, वांगी जोरात, आणि आमच्या सासुरवाडीत भरताशिवाय घराबाहेर पाऊल टाकायला बंदी असल्यासारखं वागतात. सासूबाईंनी काल रात्रीच काटक्यांवर वांगी भाजून ठेवली होती पण कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या सकाळीच गरम तळायच्या, असं त्यांचं म्हणणं. मी गाडीत बसून हॉर्न वाजवतोय, पक्षी उजाडताच खायला बाहेर पडतात हे मी तीनदा सांगितलं, तर आतून उत्तर आलं, "पक्षी कुठं पळून जातात का?" जातात ना, पण सासरी कोण बोलणार.

जळगाव सोडलं तर रस्त्यावर धुकं. हा जुना सहा नंबरचा हायवे, आता त्याला त्रेपन्न नंबर दिलाय पण आम्ही अजून सहाच म्हणतो. भुसावळला चहा, पुढे दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या धुक्यातून फक्त वरच्या अर्ध्या दिसत होत्या, मग वरणगाव, आणि तिथून आत. बायनॉक्युलर मेहुण्याच्या गळ्यात, कॅमेरा माझ्याकडे, आणि भरताचा डबा मागच्या सीटवर सीटबेल्ट लावून.

हतनूर म्हटलं की आमच्याकडं लोकांना आठवतात ते दरवाजे. ४१ दरवाजे आहेत, पावसाळ्यात ते उघडले की पेपरात फोटो, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ, पुलावर गर्दी. पण पक्षी बघायचे तर भिंतीकडं पाठ करून वर जायचं, बॅकवॉटरला. मुलताईहून आलेली तापी आणि मेळघाटाकडून, विदर्भातून आलेली पूर्णा, दोघी चांगदेवला भेटतात आणि पुढं धरणाचं पाणी सुरू. पूर्णा येताना विदर्भाची काळी माती घेऊन येते, ती सगळी इथं बसते. धरणवाल्यांच्या दृष्टीनं हा गाळ म्हणजे डोकेदुखी, साठा कमी होतो. आणि हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखराच्या दृष्टीनं हेच जेवणाचं ताट. गाळामुळं पाणी उथळ होतं, उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत जातं, तिथं शेवाळ, पाणवनस्पती, गोगलगायी, किडे, अळ्या, सगळा बाजार भरतो.

काठावर नाना उभेच होते. भोई समाजाचे, मासेमारीचा पिढीजात धंदा, आणि आमच्यासारख्या हौशी लोकांना होडीतून फिरवणं हा अलीकडचा जोडधंदा. आम्हाला बघून पहिलं वाक्य, "लई लवकर आले भाऊ!" मेहुण्यानं डबा दाखवला, तेव्हा जरा विरघळले.

होडी निघाली आणि पहिल्या दहा मिनिटांत मी कॅमेरा खाली ठेवून दिला, कारण कुठं बघू आणि कुठं नको असं झालं. थापट्या बदकांचा थवा चोच पाण्यात घालून गोल गोल फिरत होता, चमच्यानं ताक ढवळावं तसं. तलवार बदकं, त्यांची ती टोकदार शेपटी. चक्रवाकाची जोडी भगव्या रंगाची, लांबूनही ओळखू येते, आणि आवाज असा की कुणीतरी रडवेला होऊन हाक मारतंय. शेकाट्या त्या गुलाबी काड्यांसारख्या पायांवर. कवड्या धीवर एका जागी पंख फडफडवत थांबला, थांबला, आणि दगड पडावा तसा सरळ पाण्यात. मेहुणा, जो फक्त ड्रायव्हर म्हणून आला होता, तो तोंडानं "ओ ओ ओ" असा आवाज काढायला लागला.

नानांना यातल्या बहुतेकांची पुस्तकी नावं माहीत नाहीत, त्यांच्या हिशेबी मोठं ते हंस, मधलं ते बदक, बाकी चिमण्या. पण कुठला पक्षी कुठल्या तारखेच्या आसपास उतरतो, वारा फिरला की कुठल्या कोपऱ्यात सरकतो, हे त्यांना तोंडपाठ आहे.

पाणकणसाच्या बेटाजवळ नाना एकदम वल्हं थांबवून म्हणाले, "थांबा, जाळ्यात काही तरी आहे." तंगूसचं जाळं, ते पातळ नायलॉनचं, पाण्यात अजिबात दिसत नाही. त्यात एक वारकरी अडकला होता. काळंभोर अंग आणि कपाळावर पांढरा टिळा, म्हणून हे नाव. (मुक्ताईच्या परिसरात वारकरी अडकलेला बघणं, म्हटलं काय योग आहे.) नानांनी गमछा टाकून त्याला धरलं आणि मला म्हणाले पाय पकडा. मी आयुष्यात पहिल्यांदा हा पाय इतक्या जवळून पाहिला. बदकासारखा सलग पडदा नाही, प्रत्येक बोटाला वेगवेगळ्या पाकळ्या, हिरवट राखाडी, जणू बोटांना पानं फुटलीत. पोहताना पाय मागं मारला की पाकळ्या उघडतात, पुढं घेतला की मिटतात. आणि त्याच पाकळ्यांत तंगूस इतका रुतला होता की एका बोटातून रक्त येत होतं. नानांनी विडी पेटवायच्या लायटरनं एकेक धागा वितळवून तोडला, पायाला धग लागू नये म्हणून आपलं बोट मधे धरून. पाचेक मिनिटं लागली असतील. तेवढ्यात त्यानं मला दोनदा ओरबाडलं. सोडल्यावर तो पाण्यावर धावत धावत गेला, त्यांना सरळ उडताच येत नाही, आधी रनवेवर पळावं लागतं.

"जाळं कोनाचं?" मी विचारलं. नाना हसले. "माह्यंच असंल. नाहीतर माह्या भावाचं." मी गप्प बसलो. माणूस मासे धरून पोट भरतो, पाखरू मधे येतं, यात राग कुणावर धरायचा? नाना म्हणाले, पह्यले सुताचं जाळं होतं, पाण्यात कुजून जायचं. आता फाटलेलं तंगूस तिथंच सोडून देतात, ते वर्षानुवर्षं मासे आणि पाखरं धरत बसतं, मालक नसताना.

पुढं कडेनं गेलो तर खरी मजा काठावर. हे मला त्या दिवशी नीट कळलं, इतकी वर्षं पक्षी बघूनही कळलं नव्हतं. धरण भरलेलं दिसलं की आपण खूश होतो. पण भर धरणातल्या खोल पाण्यावर पाणकावळे आणि मोजकी बदकं सोडली तर फारसं कुणी नसतं. गर्दी सगळी घोट्याएवढ्या, गुडघ्याएवढ्या पाण्यात आणि ओल्या चिखलात. चिखल्या, तुतवार, टिलवे, चमचे, चित्रबलाक सगळे त्या पट्ट्यात. म्हणजे पक्ष्यांना धरण नाही लागत, काठ लागतो. आणि जानेवारीनंतर पाणी जसं उतरतं तसा हा काठ रोज थोडा आत सरकतो, पक्षी त्याच्या मागं मागं.

त्याच काठाच्या मागं मागं अजून एक जण येतो, शेतकरी. पाणी उतरलं की मोकळी झालेली जमीन म्हणजे गाळपेर. हरभरा, गहू, पुढं टरबूज, डांगर. खताची गरज कमी, जमीन लोण्यासारखी. पूर्वी पाण्यापासून थोडं अंतर सोडून पेरायचे, आता पार पाण्याला चिकटून नांगरट. केळीला पाणी न्यायला मोटारी काठावर ओळीनं, त्यांच्या पाइपांचं जाळं वेगळंच. फवारणीचं पाणी, खत, सगळं थेट खाली, आणि मग जलपर्णी माजली म्हणून बोंब. केळीच्या घडांना घालायच्या प्लास्टिकच्या पिशव्या तर मी स्वतः पाण्यावर तरंगताना मोजल्या, अकरापर्यंत मोजून सोडून दिलं.

आणि तिथंच, एका हरभऱ्याच्या तुकड्यात, पट्टकादंब हंस. डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळ्या पट्ट्या, बायनॉक्युलरमधून अगदी स्पष्ट. हे तिबेट, मंगोलिया, लडाखकडं अंडी घालतात आणि हिमालय ओलांडून इकडं उतरतात. असला प्रवास करून आलेला पक्षी भुसावळ तालुक्यात हरभऱ्याचे शेंडे कुरतडतोय, हे दृश्य मला भारी वाटलं. शेताच्या मालकाला अजिबात भारी वाटलं नाही. तो काठी घेऊन धावत आला आणि आम्हालाच म्हणाला, "तुम्ही फोटो काढू राहिले, नुकसानभरपाई कोन देईन?" त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्यातून ती जमीन त्याची पण नाही, ती धरणाची, त्यामुळं भरपाई मागायची तरी कोणाकडं.

आता थोडं कायद्याचं, कंटाळा आला तर पुढच्या पॅरावर जा. पाणथळ जागांसाठी आपल्याकडं २०१७ चे नियम आहेत. पण त्यांच्या व्याख्येतून नदीचं पात्र वगळलंय, भातशेती वगळलीय, आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशयही वगळलेत. म्हणजे डोळ्यांसमोर हजारो पाणपक्षी बसलेत पण त्या नियमांच्या हिशेबानं ही पाणथळ जागाच नाही! आपल्या खान्देशात नैसर्गिक सरोवरं आहेत किती? हतनूर, वाघूर, गिरणा, अनेर, धुळ्याचा नकाणे तलाव, सगळं माणसानं बांधलेलं. नाशिकचं नांदूर मध्यमेश्वरही बंधाऱ्यामुळंच तयार झालेलं, पण ते आधीपासून अभयारण्य होतं आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. म्हणजे मनात आणलं तर होतं.

दुपारी काठावरच्या बाभळीखाली भरीत उघडलं. नानांनी घरून मिरचीचा ठेचा आणला होता. समोरून तिघं जण मोठमोठ्या लेन्स घेऊन दुसऱ्या होडीत, आणि होडीवाल्याला सांगतायत की थव्यात घुसव, उडतानाचा शॉट पाहिजे. दोन वेळा सगळा थवा उडवला. माझं स्पष्ट मत आहे, थंडीत मिळवलेली चरबी ही त्या पक्ष्याची परतीच्या प्रवासाची शिदोरी असते आणि प्रत्येक वेळी उडवलं की आपण त्यातून खर्च करायला लावतो. मीही सुरुवातीला हे केलंय, त्यामुळं जास्त बोलत नाही. येताना चांगदेवचं देऊळ, संगम, दर्शन, आणि घरी.

दुसरी चक्कर एप्रिलच्या शेवटी. ऊन असं की स्टिअरिंगला हात लागत नव्हता. मेहुणा आला नाही, भरताचा सीझन संपला होता.

पाणी पार आत गेलं होतं. जिथं आम्ही होडीतून फिरलो तिथं टरबुजाचे वेल, आणि त्याच्या पलीकडं जेसीबी आणि ट्रॅक्टर. गाळ काढून शेतात नेणं सुरू होतं. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ पासूनची, आणि मी तिच्या विरोधात नाही, हलक्या जमिनीवर हा गाळ पडला की पिकाचा रंगच बदलतो. अडचण वेळेची आहे. मार्च ते मे हाच गाळ काढायचा काळ आणि हाच नदी सुरय, आर्ली, टिटवी यांचा उघड्या वाळूवर, कोरड्या गाळावर अंडी घालायचा काळ. घरटं नावाला, एक उथळ खळगा. नदी सुरय आता जागतिक यादीत असुरक्षित पक्ष्यांमध्ये गेलाय, त्यामागं वाळूउपसा, कुत्री, एकाएकी वाढणारं पाणी अशी कारणं आहेत. पूर्वी उन्हाळ्यात पाण्यानं वेढलेली छोटी बेटं राहायची, तिथं कुत्रं पोचायचं नाही. आता नांगराच्या तासांवरून कुत्रं थेट बेटावर चालत जातं.

सुरयची दोनच घरटी दिसली, लांबूनच बघितली, कारण माणूस जवळ गेला की आई उठते आणि त्या उन्हात अंडी भाजून निघतात. एका टरबूजवाल्यानं एका घरट्याभोवती चार काटक्या रोवून चिंधी बांधली होती, ट्रॅक्टरवाल्याला कळावं म्हणून. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, "त्याइचं बी घरच आहे ना भो."

निघताना नानांनी हात धरून थांबवलं. गाळाचा एक मोठा ढिगारा, माझ्या डोक्यापेक्षा उंच, आणि वर टिटवी बसलेली, आम्हाला बघून तिनं सगळा परिसर डोक्यावर घेतला. ढिगाऱ्याच्या माथ्यावर तिची अंडी होती. नाना खूश. टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस दणकून होतो, हे आमच्याकडं शेंबडं पोरगंही सांगेल.

"यंदा चिंता नाही भाऊ," नाना म्हणाले. "तिनं पार वर दिली."

"नाना, तो ढीग परवा जेसीबीनं टाकलाय."

नानांनी ढिगाकडं पाहिलं, टिटवीकडं पाहिलं, विडी पेटवली.

"हाव. पन तिले काय माहीत."

आणि पलीकडं उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवाल्याला हाक मारायला चालू लागले, की हा ढीग पंधरा-वीस दिवस राहू दे, बाकीचा भर.